तंजावर, एक दिवस, एक गाईड आणि आईचे प्रश्न

तंजावर एका दिवसात होतं का, तर होतं, पण मग स्वतःचा गाईड आणि दिवसभराची गाडी घ्या, आणि गाईड नीट पारखून घ्या, हे आधीच सांगून टाकते. बसने येणारे ग्रुप मी बघितले तिथे. तासाभरात मोठं देऊळ, नंदीसमोर फोटो, मग कुठलंतरी पेंटिंगचं दुकान आणि पुढे मदुराई. त्यांनी काही पाहिलंच नाही असं मी म्हणणार नाही, ते देऊळ पाच मिनिटं पाहिलं तरी अंगावर येतं, पण जे मला आत्ता आठवतंय त्यातलं निम्मं त्यांना दिसलं नसणार.

आम्ही दोघी होतो, मी आणि आई. आई रिटायर्ड शिक्षिका, इतिहास शिकवायची, त्यामुळे गाईड म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, "तो खरं सांगेल ना?" हॉटेलवाल्यांनी एक पॅकेज दिलं होतं, त्यात 'शॉपिंग व्हिजिट' दोन ठिकाणी होती, ती काढता येणार नाही म्हणाले, मग आम्ही ते पॅकेजच सोडलं. ओळखीतून एका गाईडचा नंबर मिळाला, तिथलाच माणूस, साठीकडे झुकलेला, इंग्रजी स्वच्छ आणि हिंदी कामापुरती. फोनवर मी दोनच गोष्टी सांगितल्या, दुकानं नकोत आणि आईचे गुडघे दुखतात. तो म्हणाला ठीक आहे, पण मग सकाळी साडेसहाला तयार राहा, कारण दहानंतर देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणं अम्मांना जमणार नाही. गाईड म्हणून त्याची परीक्षा माझ्यासाठी तिथेच झाली.

तर साडेसहाला बृहदीश्वर. तिथे सगळे त्याला पेरिय कोविल म्हणतात, मोठं देऊळ, बस. राजराज चोळाने बांधलं, 1010 मध्ये पूर्ण झालं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर साधारण 66 मीटर, तेरा मजले, सगळं ग्रॅनाइटचं. आणि तंजावर म्हणजे कावेरीचा गाळाचा प्रदेश, जिकडे बघावं तिकडे भातखाचरं, जवळपास डोंगर नाही, खाण नाही, दगड सगळा लांबून आणलेला. हे वाचलेलं होतं, पण आदल्या दिवशी त्रिचीहून येताना रस्ताभर नुसतं हिरवं सपाट रान बघितलं होतं ना, मग त्या शिखराखाली उभं राहिल्यावर ते डोक्यात शिरलं.

एकामागून एक गोपुरं ओलांडून आत जातो आपण. मधलं केरळांतकन, म्हणजे केरळच्या विजयाची आठवण, आणि त्याच्या आतलं राजराजन. आणि इथली गंमत अशी की गोपुरं बुटकी आणि देवावरचं शिखर उंच, मदुराईला किंवा श्रीरंगमला बरोबर उलटं. तिथे गोपुरं आभाळात आणि आतलं देऊळ शोधावं लागतं. गाईडने हे सांगितलं आणि आई लगेच, "मग उलटं कधी झालं?" तो हसला, म्हणाला अम्मा, पुढचे पाचशे वर्षं लागली त्याला, नंतरच्या राजांना देऊळ वाढवायचं तर गाभाऱ्याला हात लावता येईना, मग बाहेरून भिंती आणि दारं वाढवत गेले.

मी त्याला म्हटलं की ते सावलीचं सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी येतं ते, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही वगैरे. त्याने काही न बोलता फक्त हात करून दाखवलं. भलीमोठी सावली पडली होती अंगणात, आणि आम्ही तिच्यातच उभे होतो, त्यानेच आम्हाला ऊन लागू नये म्हणून तिथे उभं केलं होतं. मग एकेक करून त्याने सगळ्या नेहमीच्या गोष्टी स्वतःच निकालात काढल्या. वरचा कळसाखालचा गोल घुमट 80 टनांचा एकच दगड आहे आणि तो कित्येक किलोमीटर लांब उतरण बांधून हत्तींनी वर नेला, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तो अनेक तुकडे जोडून केलेला आहे असं मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं. नंदी वाढत होता म्हणून पाठीत खिळा ठोकला, ही पण गोष्टच. मुळात हा नंदी चोळांचा नाहीच, नंतरच्या नायक राजांच्या (चोळांच्या नंतर आणि मराठ्यांच्या आधी इथे राज्य करणारे) काळातला, एकाच दगडातला आणि 25 टनांच्या आसपास. मी विचारलं, मग तुम्ही इतर टुरिस्टना हे सांगता का? म्हणाला, विचारलं तर सांगतो, काही लोक सावली बघून पण म्हणतात की ही दुसऱ्याची आहे.

आता खरी मजा. देवळाच्या जोत्यावर, कमरेच्या उंचीला, सगळीकडे तमिळ अक्षरं कोरलेली आहेत, ओळीच्या ओळी, पूर्ण देवळाला फिरून. फोटोत ती नक्षीसारखी वाटतात. तो हिशोब आहे. राजराजाने हुकूम दिला की मी दिलेलं, माझ्या अक्काने दिलेलं, माझ्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर लिहा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. राण्यांच्या आधी बहिणीचं नाव, यावर आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या भावाने हे वाचायला पाहिजे.

आणि त्यात चारशे नर्तकींची यादी आहे. वेगवेगळ्या गावांतल्या देवळांतून आणून इथे वसवलेल्या चारशे बायका, प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली ते, आणि तिला कुठल्या गल्लीत, कुठल्या रांगेत कितवं घर दिलं ते. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. कलम हे तिथलं धान्याचं माप. नावांच्या आधी बहुतेक 'नक्कन' लागतं. त्याशिवाय वादक, हिशोबनीस, शिंपी, कुंभार, परीट, सोनार, दिवे लावणारे, सगळे. देवळाचा मुख्य स्थपती कुंजरमल्लन, त्याचंही नाव आहे. गाईड एका जागी थांबला आणि बोट ठेवून वाचायला लागला, हळूहळू, जुनी लिपी म्हणून अडखळत, "दक्षिण रस्ता, दक्षिणेची रांग, पहिलं घर..." आणि असा पुढे पुढे. मला एकदम ती वस्ती दिसायला लागली. हजार वर्षांपूर्वीच्या साध्या बायकांचा घर नंबर आपल्याला माहीत असलेली अजून कुठली जागा असेल, मला तरी सुचली नाही. बसचा ग्रुप बाजूने गेला तेव्हा त्यांचा गाईड माईकवर 80 टन, 80 टन करत होता.

चोळांची भित्तिचित्रं गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात आहेत, तिथे आपल्याला सोडत नाहीत. नायकांनी त्यांच्यावर आपली चित्रं काढली होती, ती पोपडे पडून खालची चोळ चित्रं 1931 मध्ये उजेडात आली, आणि नंतर पुरातत्त्व खात्याने वरचा नायकांचा थर अख्खाच्या अख्खा सोलून वेगळा काढला म्हणजे दोन्ही वाचले. आवारातल्या छोट्या प्रदर्शनात त्यांचे फोटो बघायला मिळतात. वरच्या मजल्यावर नृत्याची 108 करणं, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या हालचाली, कोरायला घेतली होती त्यातली 81 झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले, तेही वरच, तेही बंद. आईला हे कोरे दगड फार आवडले. कोरलेल्यांपेक्षा जास्त.

मग तो आम्हाला मागच्या बाजूला, आवाराच्या भिंतीलगतच्या ओवऱ्यांमध्ये नैऋत्येला घेऊन गेला आणि गप्प उभा राहिला. भिंतीवर देवनागरी! मला माहीत होतं की इथे मराठी शिलालेख आहे, तरी सगळीकडे तमिळ बघून बघून डोळे सरावल्यावर अचानक आपली अक्षरं दिसली की काय होतं ते लिहून नाही सांगता येत. सरफोजी दुसरे, तंजावरचे भोसले राजे, यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला, त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी लिहिलेला. बारीक अक्षर, शब्द तोडलेले नाहीत, ओळ संपते तिथे शब्द अर्धा. आई चष्मा वर-खाली करत वाचायला लागली आणि इथे सीन उलटा झाला, आता गाईडच तिला विचारतोय, अम्मा हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय. त्याला देवनागरी छापील येते पण हे येत नाही. मात्र शिवाजी महाराजांचं नाव कुठे आहे ती जागा त्याला पाठ आहे, कारण प्रत्येक मराठी माणूस तेच विचारतो, आणि बऱ्याचदा तेवढंच विचारतो.

हे मला जरा लागलं, कारण खरंच आहे. आपण तिथे जातो ते "आपलं राज्य होतं इथे" म्हणून. व्यंकोजीराजे, म्हणजे महाराजांचे सावत्र भाऊ, विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून इकडे आले आणि 1676 च्या सुमारास तंजावर स्वतःकडे घेतलं. 1677 मध्ये महाराज दक्षिणेत आले तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळपाडीला दोघा भावांची भेट झाली, वडिलांच्या जहागिरीतल्या वाट्यावरून बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे एका रात्री नदी ओलांडून निघून गेले. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो आणि पान उलटतो. त्यानंतर ते घराणं तिथे 1855 पर्यंत राहिलं, जवळजवळ पावणेदोनशे वर्षं, त्याचं काय? तिथल्या राजांनी तेलुगूत नाटकं लिहिली, तमिळ आणि संस्कृत कवींना पोसलं, मराठीतही नाटकं लिहिली, आणि ज्याला आज आपण भरतनाट्यमचा मार्गम् म्हणतो, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम, तो ज्या चार भावांनी बसवला, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू, ते याच दरबारातले. इथे आलेले भोसले तंजावरचे झाले, मला तरी हा इतिहास तलवारीच्या इतिहासापेक्षा कमी वाटत नाही. आईचं मत वेगळं आहे, ती म्हणते तलवार नसती तर इथवर आलेच नसते. असो.

सांबाराचं पण विचारून घेतलं, राहवत नाही ना. संभाजी महाराज पाहुणे आले, स्वयंपाकात आमसूल संपलं होतं म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्यांच्या नावाने सांबार झालं म्हणे. गाईड म्हणाला गोष्ट छान आहे, आणि पुढे चालायला लागला.

दहाच्या सुमाराला राजवाडा. बाहेरून बघून निराश व्हाल, सांगून ठेवते, पडझड आहे, मधूनच चुना फासलेला आहे, आणि एका कोपऱ्यात अजून घराण्यातले लोक राहतात. उंच मनोऱ्यावर चढणं आईमुळे टाळलं. पण आतल्या आर्ट गॅलरीतली ब्राँझं! मी चेन्नईच्या म्युझियममधली पाहिलेली आहेत, तरी. नुसतं एका मूर्तीबद्दल लिहिते. तिरुवेंगाडूला जमिनीत सापडलेला वृषभवाहन शिव, 1011 सालचा. एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकून निवांत उभा, उजवा हात हवेत असा टेकवलेला, कारण त्या हाताखाली बैल होता आणि तो बैल आता नाही. डोक्यावर जटांचाच फेटा गुंडाळलेला, त्यातून साप डोकावतोय. नाक्यावर मित्राच्या बाईकला रेलून उभा राहिलेला कॉलेजचा पोरगा वाटतो अगदी. गाईडने आम्हाला मूर्तीच्या मागे नेलं, मागून पाठीचा कणा आणि फेट्याच्या गुंडाळ्या बघा म्हणाला, पुढून सगळेच बघतात. आणि मग तो दूर जाऊन खुर्चीवर बसला, पंधरा-वीस मिनिटं एक अक्षर बोलला नाही. प्रायव्हेट गाईडचे पैसे कशाचे, तर मला वाटतं या गप्प बसण्याचे. ग्रुप टूरमध्ये हे शक्यच नाही.

तिथेच सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला, इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराने केलेला. डोक्याला तंजावरी त्रिकोणी पगडी. हा राजा म्हणजे वेगळंच प्रकरण. 1777 चा जन्म, आधीचे राजे तुळजाजी यांनी दत्तक घेतलेला, श्वार्त्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत शिकलेला. 1798 ला गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्यकारभार काढून घेतला, हातात उरला किल्ला आणि राजवाडा. मग त्याने काय केलं, तर पुस्तकं जमवली. देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि छापील मराठी पुस्तक पुण्यामुंबईत निघायला अजून वेळ होता! धन्वंतरी महाल म्हणून औषधांची संस्था काढली. डोळ्यांच्या रोग्यांचे कागद ठेवले, त्यात रोग्याची माहिती, उपचार आणि त्या डोळ्याचं रंगीत चित्र.

ती पुस्तकं म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. सुरुवात नायकांची, पण वाढवलं सरफोजींनी. ताडपत्रं, संस्कृत पोथ्या हजारोंनी, मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या आसपास, मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे. आपल्याला फक्त म्युझियमची खोली बघता येते आणि फोटो काढू देत नाहीत, पण त्या खोलीत एवढं काय काय आहे की बास. माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेली ल ब्राँची फ्रेंच चित्रं, घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. चीनमधल्या शिक्षांची चित्रं, जी आईने बघायला नकार दिला. सगळं एका राजाच्या कुतूहलातून गोळा झालेलं. मोडी वाचणारे तिथे कमी आहेत असं गाईड म्हणाला, तुमच्याकडून कोणी शिकलेलं येऊन बसलं तर पिढ्यांचं काम पडलंय. ज्यांनी मोडीचे क्लास केलेत आणि आता काय करायचं असा प्रश्न आहे, त्यांनी हे वाक्य परत वाचा. सुट्टीचा वार आणि जेवणाची वेळ मात्र आधी विचारून जा.

जेवण केळीच्या पानावर, एका साध्या मेसमध्ये, भात, सांबार, रसम, कूट्टू, आणि दर दोन मिनिटाला वाढायला येणारा माणूस. आईने पान आपल्याकडे दुमडलं, गाईडने सांगितलं तसंच. दुपारी देऊळ बंद असतं, ऊन मी म्हणत असतं, त्या वेळात त्याने आम्हाला शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्त्झ चर्चमध्ये नेलं. हे कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. आत भिंतीवर त्याच फ्लॅक्समनचं एक संगमरवरी शिल्प आहे, श्वार्त्झ मरणाच्या पलंगावर आणि तरुण सरफोजी शेजारी उभा राहून त्याचा हात हातात घेतोय. राजा धर्माने शेवटपर्यंत हिंदूच राहिला, मिशनऱ्याने आयुष्यभर मिशनच चालवलं, आणि तरी हे असं. आम्ही तिघे आणि झाडणारी एक बाई, बाकी चर्चमध्ये कोणी नव्हतं.

संध्याकाळी तिरुवैयारू, गाडीने तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठावर त्यागराजांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या थोर संत-रचनाकाराची, समाधी. 1847 ला गेले ते. सरफोजींनी दरबारात बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला असं सांगतात. समाधीवरचं देऊळ 1920 च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःचा पैसा घालून बांधलं, त्या देवदासी परंपरेतल्या गायिका, आणि त्यागराजांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या ज्या आराधनेत, म्हणजे संगीत उत्सवात, तेव्हा बायकांना गायला मनाई होती तिथे त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. त्यांचंही स्मारक समोरच आहे. गाईड सहज बोलल्यासारखं म्हणाला की सकाळच्या यादीतल्या चारशेपैकी कित्येकजणी या तिरुवैयारूच्याच देवळातून नेलेल्या होत्या. दिवसभराचा रूट त्याने असा लावला होता हे मला तेव्हा कळलं. आई घाटाच्या पायरीवर बसली, नदीला पाणी जेमतेम होतं, दोन पोरं क्रिकेट खेळत होती.

तिरुवैयारूला अशोका हलवा मिळतो, मुगाच्या डाळीचा, केशरी, तुपाने थबथबलेला, गरमच खायचा. मी दोनदा घेतला. पैशाचं म्हणाल तर गाईडचे आम्ही अडीच हजार दिले, गाडी वेगळी, आणि त्याने शेवटपर्यंत एकाही दुकानाचं नाव काढलं नाही, आईलाच डोलणारी तंजावर बाहुली पाहिजे होती म्हणून त्याला थांबायला सांगितलं. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम, ही चोळांचीच दुसरी दोन मोठी देवळं, त्याच दिवशी कोंबू नका, त्याला दुसरा दिवस ठेवा, कुंभकोणमला मुक्काम करा. जानेवारीत आराधना असते तेव्हा तिरुवैयारूला खोल्या मिळत नाहीत, पण शेकडो गायक एकत्र त्यागराजांच्या पाच प्रसिद्ध रचना, पंचरत्न कृती, गातात ते ऐकायचंय, असं आईने गाडीतच जाहीर केलंय आणि गाईडला तारीख कळवायलाही सांगून ठेवलंय, मला न विचारता.